"टाटाला नेऊया काय?" या प्रश्नाच्या पलीकडे : विद्यापीठ आणि दवाखाना एकत्र बसले की कॅन्सरचे संशोधन कसे पुढे सरकते

बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, कारवार या सगळ्या पट्ट्यात घरात कुणाला कॅन्सर निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "टाटाला नेऊया काय?" टाटा म्हणजे परळचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल. मग रात्रीची गाडी पकडायची, मुंबईत ओळखीच्या कुणाच्या तरी खोलीवर उतरायचे आणि सकाळी फाईल घेऊन रांगेत उभे राहायचे. आपल्याकडच्या कितीतरी घरांना हा रस्ता पाठ आहे.

पण टाटामध्ये असे वेगळे काय आहे? मोठे डॉक्टर आहेत, मोठ्या मशीन आहेत, हे खरेच. मशीन मात्र पैसे टाकले की कुठेही येते. तिथले खरे वेगळेपण असे, की उपचाराच्या शेजारच्या खोलीत संशोधन चालते. आज पेशंटला दिलेले औषध बरोबर होते का, कमी त्रासात किंवा कमी पैशात तेच काम होईल का, हे तपासणारी माणसे त्याच आवारात किंवा हाकेच्या अंतरावर बसलेली असतात. ही सांगड कशी बसते, कुठे अडते आणि आपल्या भागाचा त्यात काय संबंध, हे समजून घेऊया.

दोघांकडे अर्धे-अर्धे

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात कॅन्सरचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले आणि ९ लाखांहून अधिक लोक दगावले. पुरुषांमध्ये सगळ्यात वर आहे तो तोंडाचा कॅन्सर. तंबाखूच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना याचे कारण सांगायला नको.

या आजाराची निम्मी माहिती दवाखान्यात असते आणि निम्मी प्रयोगशाळेत. ओपीडीतल्या डॉक्टरला माहीत असते की एकाच प्रकारची गाठ, एकच औषध, तरी एक पेशंट बरा होतो आणि दुसऱ्याला सहा महिन्यांत गाठ परत येते. असे का होते, हे शोधायला त्याच्याकडे वेळ नसतो, कारण बाहेर ऐंशी माणसे बसलेली असतात. तिकडे विद्यापीठातल्या संशोधकाकडे वेळ आहे, सूक्ष्मदर्शक आहेत, जनुके वाचणारी यंत्रे आहेत, हुशार विद्यार्थी आहेत. पण तो काम करतो काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर, नाहीतर उंदरांवर. बशीतला कॅन्सर मारणे सोपे असते. माणसाच्या अंगातला कॅन्सर मारताना माणूस जगवायचा असतो, तिथे खरी कसोटी लागते.

म्हणून दोघांना एकमेकांची गरज असते. डॉक्टर प्रश्न आणतो, संशोधक तो तपासण्याची रीत आणतो. डॉक्टरकडे गाठीचा तुकडा आणि पेशंटचा इतिहास असतो, संशोधक त्या तुकड्याच्या आत डोकावतो. पेशंटवर काय परिणाम झाला ते पुन्हा डॉक्टरच पाहतो आणि नवा प्रश्न घेऊन प्रयोगशाळेत परततो. ही ये-जा जिथे रोज होते तिथे काम पुढे सरकते.

सुरुवात परळमध्येच झाली

ही कल्पना काही परदेशातून काल आलेली नाही. लेडी मेहरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने निधन झाले. त्यानंतर टाटांच्या विश्वस्त निधीतून उभे राहिलेले टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रे होती डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे. निरनिराळ्या समाजांच्या खाण्यापिण्याच्या, तंबाखूच्या सवयी आणि त्यांना होणारे कॅन्सर यांचा मेळ त्यांनी त्या काळात घालून दाखवला. १९५२ मध्ये हॉस्पिटलच्या जोडीला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर निघाले, तेही खानोलकरांच्याच नेतृत्वाखाली. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. दवाखाना, प्रयोगशाळा आणि विद्यापीठ असे तिन्ही उंबरे ओलांडलेला हा माणूस होता.

त्यांच्याच हाताखाली तयार झाल्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवून त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला गेल्या. परत आल्यावर त्यांनी मुंबईत शरीराबाहेर पेशी वाढवण्याची देशातली पहिली प्रयोगशाळा उभी केली. १९६६ मध्ये हॉस्पिटल आणि संशोधन संस्था मिळून टाटा मेमोरियल सेंटर झाले. नवी मुंबईत खारघरला ॲक्ट्रेक नावाचे जे केंद्र आहे, तो याच घराचा संशोधनाचा वाडा.

पवई आणि खारघर : एक ताजे उदाहरण

विद्यापीठ आणि दवाखाना एकत्र आल्याने काय होऊ शकते, याचे अलीकडचे ठळक उदाहरण म्हणजे कार-टी सेल उपचार. हा उपचार मुख्यतः रक्ताच्या काही विशिष्ट कॅन्सरसाठी आहे.

आपल्या रक्तात टी-पेशी असतात. त्या अंगातल्या पहारेकरी. जंतू शिरला किंवा पेशी बिघडली की तिला ओळखून संपवणे हे त्यांचे काम. पण कॅन्सरची पेशी आपल्याच अंगातली, घरातल्या माणसासारखी दिसते, म्हणून पहारेकरी फसतो. कार-टी उपचारात पेशंटच्या रक्तातून या टी-पेशी वेगळ्या काढतात. प्रयोगशाळेत त्यांच्यात एक नवे जनुक सोडतात. त्या जनुकामुळे टी-पेशीच्या अंगावर एक नवा आकडा उगवतो. काही रक्ताच्या कॅन्सरपेशींच्या पृष्ठभागावर सीडी-१९ नावाची खूण असते, तिला हा आकडा बरोबर अडकतो. अशा पेशी भरपूर वाढवून पुन्हा त्याच पेशंटच्या अंगात सोडतात. पहारेकरी तोच, फक्त त्याला चोराचा फोटो दिलेला!

हा उपचार जगात पहिल्यांदा मंजूर झाला तो अमेरिकेत, ऑगस्ट २०१७ मध्ये. तिथेही विद्यापीठ आणि दवाखान्याचीच जोडी होती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ आणि फिलाडेल्फियाचे मुलांचे रुग्णालय यांनी मिळून ते काम उभे केले होते, मागाहून मोठी औषध कंपनी आली. त्या औषधाची तिथली सुरुवातीची किंमत होती ४ लाख ७५ हजार डॉलर. रुपयांत मोजायला गेले तर तीन-चार कोटी. आपल्याकडे शेत विकले, घर विकले तरी कुणाला जमायचे?

इथे पवईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल एकत्र आले. आयआयटीतल्या राहुल पुरवार यांच्या गटाने ते जनुक, म्हणजे तो आकडा, इथेच घडवला. परदेशी उपचारातला आकडा उंदराच्या प्रथिनावरून घेतलेला होता, इथे तो माणसाच्या प्रथिनाशी जुळेल असा बदलून घेतला. टाटाच्या डॉक्टरांनी, त्यात हसमुख जैन आणि गौरव नरुला ही नावे पुढे येतात, पेशंट निवडणे, रक्तातून पेशी काढणे, पेशी अंगात सोडल्यावर येणारा तीव्र ताप, रक्तदाब घसरणे, मेंदूवर होणारे परिणाम सांभाळणे हे सगळे अंगावर घेतले. २०२१ च्या जूनमध्ये खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये पहिल्या पेशंटला हा उपचार दिला गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये देशाच्या औषध नियंत्रकांनी मंजुरी दिली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत त्याचे लोकार्पण झाले. नाव नेक्सकार-१९. किंमत परदेशाच्या सुमारे एक दशांश, म्हणजे तीस-चाळीस लाखांच्या घरात.

या चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये लॅन्सेट हिमॅटॉलॉजी या नियतकालिकात आले. एकूण ६४ पेशंट, आणि ज्यांच्यावर परिणाम मोजता आला त्यांच्यापैकी सुमारे ७३ टक्क्यांना उपचार लागू पडला. हे सगळे पेशंट आधीचे उपचार थकल्यावर आलेले होते, हे लक्षात घेतले तर आकडा मोठा आहे. तरी हुरळून जायला नको. काहींचा आजार परत उलटला. रक्तातल्या पेशी घटण्यासारखे त्रास बहुतेकांना झाले. तोंडाच्या, स्तनाच्या, पोटाच्या गाठींवर हा उपचार चालत नाही. तीस लाख ही रक्कमही आपल्यातल्या बहुतेकांच्या हाताबाहेरचीच आहे. "एका इंजेक्शनात कॅन्सर बरा" अशी व्हॉट्सॲपवर फिरणारी भाषा कुणी ऐकवली तर त्यावर जाऊ नये.

तरी मुद्दा उरतोच. एकट्या आयआयटीला हे जमले नसते, कारण तिच्याकडे वॉर्ड नाही. एकट्या टाटालाही या वाटेने जमले नसते, कारण तो आकडा पवईच्या प्रयोगशाळेत घडला.

मोठे शहरच लागते असे नाही

"ते मुंबईचे झाले, आमच्याकडे कुठले?" असे कुणी म्हणेल. म्हणून बार्शीचे उदाहरण सांगायला हवे. सोलापूर जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या फ्रान्समधील कॅन्सर संशोधन संस्थेबरोबर उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर मोठा अभ्यास केला. खेड्यांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायका, आणि आठ वर्षे पाठपुरावा. आरोग्य कर्मचारी दारोदार फिरल्या, चुलीपुढच्या बाईला बाहेर बोलावून समजावले, तपासणीला आणले.

निष्कर्ष २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आले. ज्या गटात एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात एकदा झाली, त्या सुमारे ३४ हजार बायकांमध्ये या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या सुमारे ३१ हजारांच्या गटात ६४. म्हणजे एका तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आज जगभर या तपासणीचा आग्रह धरला जातो, त्यामागे मराठवाड्यातल्या या बायकांचा वाटा आहे.

या अभ्यासाला टीकाही झाली, ती लपवण्यात अर्थ नाही. तुलनेसाठीच्या गटातल्या बायकांना तपासणी का दिली नाही, त्यांना पुरेशी कल्पना दिली होती का, असे प्रश्न विचारले गेले. ते विचारायलाच हवेत. संशोधन म्हटले की ज्ञानाइतकाच हा हिशेबही द्यावा लागतो.

आणि आपले बेळगाव? इथेही असे काम झालेले आहे, विषय वेगळा होता इतकेच. बाळंतपणात अतिरक्तस्राव होऊन बायका दगावतात. जिल्ह्यातल्या खेड्यांत बाळंतपण करणाऱ्या नर्सबाईंनी मिसोप्रोस्टॉलची गोळी दिली तर फरक पडतो का, हे इथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या संशोधकांबरोबर २००२ ते २००५ या काळात तपासले. १६२० बायकांच्या या अभ्यासात रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. २००६ मध्ये लॅन्सेटने तो छापला. काम झाले आपल्या गावांत, आपल्या नर्सबाईंच्या हातून, आणि उपयोग झाला जगातल्या गरीब देशांना.

आता ३ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते बेळगावात केएलईच्या कॅन्सर हॉस्पिटलचे उद्घाटन झाले आहे. केएलई हे अभिमत विद्यापीठही आहे. नेहरूनगरात केंद्र सरकारची पारंपरिक औषधींवरची राष्ट्रीय संस्था आहे. व्हीटीयू आहे, राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे. घाटाखाली गोवा विद्यापीठ आणि गोमेकॉ, वर कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ. माणसे आणि इमारती दोन्ही आहेत. त्यांना एका टेबलावर बसवणे हे पुढचे काम.

गाडी कुठे अडते?

दोन संस्थांचे प्रमुख करारावर सह्या करतात, शाल-श्रीफळ होते, फोटो छापून येतो. त्यानंतर बरेचदा काहीच होत नाही. याची कारणे साधी आहेत.

पहिले कारण वेळ. डॉक्टरची किंमत होते किती पेशंट पाहिले यावर, प्राध्यापकाची होते किती शोधनिबंध छापले यावर. एकत्र बसण्याचा वेळ कुणाच्याच हिशेबात धरलेला नसतो. डॉक्टरला आठवड्यातला एखादा दिवस फक्त संशोधनासाठी मोकळा मिळत नाही, तोवर करार कागदावरच राहतो.

दुसरे कारण गाठीचा तुकडा. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ साधारणपणे फॉर्मालिनमध्ये जाते. निदानासाठी ते ठीक. पण पेशीच्या आतले नाजूक रेणू तपासायचे तर तिचा छोटा भाग लगेच गोठवावा लागतो. त्यासाठी ऑपरेशन थिएटरच्या दारात डबा घेऊन उभा असलेला माणूस लागतो, उणे ८० अंशांचा फ्रीजर लागतो, आणि वीज गेली तर जनरेटर लागतो. कोट्यवधीचे यंत्र घेतले आणि हा एक माणूस नेमला नाही, की सगळे फुकट!

तिसरे कारण पाठपुरावा, आणि इथे आपला थेट संबंध येतो. पेशंट उपचार घेऊन गावी जातो. बरे वाटले म्हणून येत नाही, किंवा पैसे संपले म्हणून येत नाही. फोन नंबर बदलतो. वर्षाने तो आहे की नाही, हे दवाखान्याला कळतच नाही. ज्याचा शेवट माहीत नाही त्या औषधाचा हिशेब कसा मांडायचा? बार्शीच्या अभ्यासाची ताकद यंत्रांत नव्हती, आठ वर्षे माणसांचा माग ठेवण्यात होती.

चौथे कारण प्रश्नाची निवड. परदेशी मासिकाला काय आवडेल यापेक्षा आपल्या पेशंटला काय परवडेल, हा प्रश्न आधी यायला हवा. टाटाच्याच डॉक्टरांनी असा एक प्रश्न विचारला. निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्ती जागी करणारे महागडे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहा टक्क्यांहूनही कमी, म्हणजे २० मिलिग्रॅम दिले तर? बळावलेल्या तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमध्ये नेहमीच्या गोळ्यांना त्याची जोड दिली. वर्षभराने हयात असणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. २०२३ मध्ये हे छापून आले. औषध नवे नव्हते, प्रश्न नवा होता.

"आमच्या आईवर प्रयोग नको हं डॉक्टर"

ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे आणि ती अगदीच निराधार नाही. १९५१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता प्रयोगशाळेत गेल्या. त्या पेशी आजही जगभर वापरात आहेत, त्यांवर कितीतरी शोध लागले. बाई त्याच वर्षी वारली आणि घरच्यांना वीसेक वर्षे पत्ताच नव्हता. विज्ञानाचा फायदा झाला, पण अन्याय झाला तो झालाच.

म्हणून आता नियम आहेत. भारतात औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे स्वतंत्र नियम आहेत. प्रत्येक चाचणीला एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. या समितीत निदान सात जण असतात, त्यात कायदा जाणणारा आणि एक सामान्य नागरिकही असावा लागतो. चाचणीची नोंद सरकारी यादीत करावी लागते आणि ती यादी कुणालाही इंटरनेटवर पाहता येते.

उद्या तुमच्यापुढे असा कागद आला तर घाबरून नाही म्हणू नका आणि भिडेखातर हो पण म्हणू नका. एवढे विचारा :

• हा कागद मला समजणाऱ्या भाषेत आहे का? पेशंटला कळेल अशा भाषेत माहिती देणे बंधनकारक आहे. सीमाभागात याला विशेष अर्थ आहे. मराठी बोलणाऱ्या आजीपुढे इंग्रजी किंवा कन्नड कागद ठेवून अंगठा घेणे म्हणजे संमती नव्हे. मराठी प्रत मागा. हेच कन्नड आजीलाही लागू.

• चाचणीत गेलो नाही तर नेहमीचा उपचार मिळेल ना? मिळायलाच हवा. मधेच बाहेर पडण्याचाही हक्क आहे.

• खर्च कुणाचा? चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळायला हवेत, आणि नियमाप्रमाणे भरपाईची तरतूद आहे.

• फक्त गाठीचा तुकडा ठेवणार आहात की नवे औषध देणार आहात? या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. निदानासाठी काढलेल्या गाठीचा उरलेला भाग ठेवला तर अंगाला सहसा वेगळा त्रास नसतो. नव्या औषधात धोका असू शकतो.

• माझे नाव, पत्ता कुणाला कळणार? माहिती नाव काढून, क्रमांकाने ठेवली जाते का, हे विचारून घ्या.

आणि हो म्हटले तर मग एक जबाबदारी आपलीही आहे. बोलावलेल्या तारखेला जाणे. जाता आले नाही तर निदान फोन उचलणे, नंबर बदलला तर कळवणे. साधी गोष्ट वाटते, पण संशोधनाचा अर्धा डोलारा यावर उभा असतो.

टाटाला जाणारी रात्रीची गाडी उद्या बंद होणार नाही, आणि काही आजारांसाठी ती लागेलच. पण तंबाखूचा पट्टा आपला, तोंडाचे कॅन्सर आपले, पेशंट आपले. यावरचे प्रश्न इथल्या ओपीडीत उभे राहिले, इथल्या विद्यापीठात तपासले गेले आणि उत्तर आपल्या भाषेत पेशंटपर्यंत आले, तर त्या गाडीतली गर्दी नक्की कमी होईल. पुढच्या वेळी दोन संस्थांच्या कराराचा फोटो पाहिला, की तेवढे एक विचारायला विसरू नका, "डॉक्टरला मोकळा दिवस दिलात काय, आणि फ्रीजरजवळ माणूस नेमलात काय?"